लढाई महागात पडते हे माहीत असून देश लढतात काहून? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या अभ्यासिकेत रविवारी संध्याकाळी गप्पा रंगतात. स्पर्धा परीक्षेची पोरं असतात, रिटायर्ड काका असतात, कामठीहून एक माजी सुभेदारही येतात. युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हापासून विषय कुठूनही निघो, फिरून इथंच येतो, आणि प्रश्नही बहुतेक तेच. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

दोघांचंही नुकसान होणार हे आधीच दिसत असतं ना, मग बसून मिटवत काहून नाहीत?

खरा प्रश्न हाच, बाकीचे याच्यातूनच निघतात. धुऱ्याचं भांडण आपल्याकडं सगळ्यांनी पाहिलं असेल. हातभर जमिनीवरून दोन भावांची केस वर्षानुवर्षं चालते, वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे जोडले तर तेवढ्यात दुसरं वावर आलं असतं, आणि शेवटी मिटतं ते पंचांनी पहिल्या दिवशी दाखवलेल्या रेषेवरच. देशांचंही कोडं हेच आहे. युद्ध संपतं तेव्हा काहीतरी ठरतंच, सीमा ठरते, कैदी सुटतात, कुणाचं काय ते लिहिलं जातं, मग तेच लढायच्या आधी लिहिलं असतं तर मेलेली माणसं घरी असती. म्हणजे दोघांनाही युद्धापेक्षा स्वस्त पडेल असा समझोता कागदावर जवळजवळ नेहमीच असतो. जेम्स फीअरन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९९५ मध्ये हे कोडं फार स्वच्छ मांडलं आणि विचारलं की मग हा समझोता हातून निसटतो कुठं.

इराण-इराकचं बघा. १९७५ मध्ये अल्जियर्सला त्यांचा करार झाला होता, शत्त-अल-अरब नदीतली सीमा ठरली होती. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेननं सप्टेंबर १९८० मध्ये तो करार मोडीत काढला आणि २२ तारखेला फौजा घुसवल्या. आठ वर्षं लढाई चालली, लाखो माणसं गेली, विषारी वायू वापरला गेला. ऑगस्ट १९८८ मध्ये शस्त्रसंधी झाली, आणि १९९० मध्ये कुवेत गिळल्यावर इराणची बाजू शांत ठेवायची म्हणून त्याच सद्दामनं तीच १९७५ ची सीमा परत मान्य केली. हे वाचलं की मला अजूनही राग येतो. आठ वर्षांत नकाशावरची रेषा होती तिथंच राहिली.

नेते अहंकारी असतात, डोकं फिरलेलं असतं म्हणून होतं ना हे सगळं?

काही प्रमाणात होय. पण नुसतं एवढंच म्हणून सोडून दिलं तर काहीच कळत नाही, कारण अहंकारी नेते जगात कायमच असतात आणि युद्ध मात्र रोज होत नाही. माझ्या मते डोक्यापेक्षा खिसा बघावा, म्हणजे युद्धाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो आणि फायदा कुणाच्या खात्यात पडतो ते.

अर्जेंटिनात १९८२ ला लष्करी राजवट होती, महागाईनं लोक बेजार झाले होते, ३० मार्चला ब्युनोस आयर्समध्ये सरकारविरोधी मोठा मोर्चा निघाला आणि पोलिसांनी तो झोडपला. २ एप्रिलला फौजा ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरल्या आणि त्याच शहरातले लोक झेंडे घेऊन नाचायला लागले. बेटांवर उतरायचं आधीपासून घाटत होतं हे खरं, पण घरातली आग विझवायला ते किती कामी आलं हे त्या दोन तारखांवरून दिसतं. जूनमध्ये अर्जेंटिना हरला, ६४९ अर्जेंटिनी आणि २५५ ब्रिटिश सैनिक गेले, आणि थोड्याच दिवसांत राजवटीचा प्रमुख जनरल गाल्तिएरीची खुर्चीही गेली. ज्याला निवडणूक लढवायची नसते आणि ज्याचं पोरगं खंदकात नसतं त्याचा हिशोब वेगळाच असतो, हे विसरून चालत नाही.

दोघांनी आपापली खरी ताकद सांगून टाकली तर? मग कोण जिंकणार हे आधीच कळेल आणि लढायची गरजच पडणार नाही.

ऐकायला बरोबर वाटतं, पण सांगणार कोण? कमजोर असेल तो फुगवून सांगतो, कारण खरं सांगितलं तर वाट्याला कमी येईल. आणि बलवान असेल त्यालाही पत्ते उघडे करता येत नाहीत. याचं आपल्या घरचं उदाहरण कारगिल.

फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसनं लाहोरला गेले, लाहोर जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. त्याच काळात हिवाळ्यात रिकाम्या सोडलेल्या शिखरांवर पाकिस्तानी फौजेची माणसं चढून बसत होती. त्यांच्या हातातलं बळ हेच की ती तिथं आहेत हे आपल्याला माहीत नाही. समजा त्यांनी टेबलावर सांगितलं असतं की बघा, लेहच्या रस्त्यावर आमच्या तोफांची नजर आहे, आता सियाचीनबद्दल बोला, तर दुसऱ्या दिवशी आपली फौज सावध झाली असती आणि ते बळच संपलं असतं. लपवलं तरच उपयोग असलेली ताकद बोलणीत मांडताच येत नाही, ती फक्त लढाईत दिसते. मे ते जुलै आपण ती शिखरं एकेक करून परत घेतली आणि ५२७ जवान गेले. आमचे सुभेदारसाहेब हा आकडा आला की गप्प बसतात, काही वेळ कुणीच बोलत नाही.

उलटी बाजू इराकची. २००३ च्या आधी सद्दामकडं सर्वनाशी अस्त्रं उरलेली नव्हती, पण ते छातीठोकपणे सिद्ध करायला तो टाळाटाळ करत राहिला, कारण शेजारच्या इराणला आपण रिकाम्या हातांनी बसलोय हे कळू द्यायचं नव्हतं. एका शत्रूला घाबरवायला ठेवलेला ब्लफ दुसऱ्या शत्रूनं, अमेरिकेनं, खरा मानला, म्हणजे निदान खरा मानतो असं सांगून तो चालून आला.

पण माहिती सगळी असली तरी युद्ध होतंच की. तिथं काय अडतं?

तिथं अडतं ते उद्यावर. मला विचाराल तर सगळ्यात मोठं कारण हेच, आणि बातम्यांत याच्यावर सगळ्यात कमी बोलतात. आज समोरचा जी डील देतोय ती चांगली आहे, मान्य. पण उद्या तो आणखी ताकदवान झाला तर हीच डील पाळेल का? नाही पाळली तर मी जाऊ कुणाकडं? धुऱ्याच्या भांडणात वर तहसीलदार असतो, कोर्ट असतं, निकाल नाही पाळला तर पोलीस येतात. देशांच्या वर कुणी नाही. म्हणून करारातली कलमं कितीही गोड असली तरी ती पाळायला लावणारा कोण याचं उत्तर मिळेपर्यंत शहाणा माणूससुद्धा सही करायला कचरतो.

१९३९ चा हिवाळा घ्या. स्टालिननं फिनलंडला सांगितलं, लेनिनग्राड तुमच्या सीमेपासून जेमतेम ३०-३२ किलोमीटरवर आहे, सीमा मागं घ्या, हान्को बंदर ३० वर्षांच्या लीजवर द्या, बदल्यात पूर्वेकडची जवळपास दुप्पट जमीन घ्या. नुसती जमीन मोजली तर डील वाईट नव्हती. फिनलंडनं नाही म्हटलं, कारण जी तटबंदी सोडून द्यायची होती तिच्याच जोरावर पुढची मागणी नाकारता येणार होती, एकदा ती दिली की पुढच्या वेळी नाही म्हणायला हातात काय उरलं? ३० नोव्हेंबरला हल्ला झाला. साडेतीन महिने बर्फात लढून फिनलंडनं मार्च १९४० मध्ये तह केला, सुमारे २५ हजार माणसं गेली, देशाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्तच गेला, चार लाखांवर लोकांना घरं सोडावी लागली. म्हणजे आधी मागितलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त गमावलं.

मग फिनलंड चुकला का? हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून शेजारी बघायला सांगतो. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया या तिघांनी त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न लढता सह्या केल्या, सोव्हिएत तळ आपल्या जमिनीवर येऊ दिले, आणि ऑगस्ट १९४० पर्यंत तिन्ही देश सोव्हिएत संघात विरघळवून टाकले गेले, ते परत स्वतंत्र झाले १९९१ मध्ये. फिनलंड मात्र देश म्हणून उभा राहिला. मी हे युद्धाचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, त्या २५ हजार घरांना विचारल्याशिवाय कौतुक करायचा आपल्याला हक्कच नाही. पण समझोता नाकारणारा प्रत्येक जण मूर्ख असतो हे काही मला पटत नाही.

युक्रेनचंही तसंच. १९९४ मध्ये बुडापेस्टला त्यांनी आपल्या भूमीवरची सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटननं तुमच्या सीमांचा मान राखू असं लिहून दिलं. २०१४ मध्ये क्रिमिया गेला, २४ फेब्रुवारी २०२२ ला उघड आक्रमण. आता त्यांना कुणी सांगितलं की थोडी जमीन सोडा आणि हमीच्या कागदावर सही करा, तर त्यांचा पहिला प्रश्न काय असेल हे सांगायला नको.

नागपूरच्या इतिहासात असं काही झालंय का?

झालंय, आणि ते आपण रोज मोर भवनच्या स्टँडवरून बस पकडताना पाहतो, सीताबर्डीच्या टेकडीवर.

१८०३ ला इंग्रजांकडून अडगाव आणि गाविलगड हरल्यावर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी देवगावचा तह केला, त्यात कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. तरी तैनाती फौज ठेवून घ्यायला रघुजी शेवटपर्यंत राजी झाले नाहीत. १८१६ ला ते वारले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे पुतणे आप्पासाहेब यांनी, तेव्हा ते कारभारी होते, स्वतःची गादी पक्की करायला इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. कागदावर मैत्री. पण तैनाती फौजेचा मुद्दाच असा की खर्च राजाचा आणि हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज वकिलाचा, म्हणजे दर वर्षागणिक राजाची स्वतःची ताकद ओसरत जाणार आणि पलीकडची वाढत जाणार. आज नाही लढलो तर पाच वर्षांनी लढायला काही उरणारच नाही, ही भीती इथून येते. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला पेशव्यानं हत्यार उचललं होतं, आप्पासाहेबांचा त्याच्याशी आतून संपर्क होता, आणि रेसिडेंट जेंकिन्सचा विरोध असतानाही त्यांनी दरबार भरवून पेशव्याकडून आलेली मानाची वस्त्रं स्वीकारली. बाहेरून मैत्रीचे निरोप चालूच होते.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोंड लागलं. आप्पासाहेबांकडं १८ हजारांच्या आसपास माणसं, त्यात कडवे अरब, जेंकिन्सकडं तेराशे-चौदाशे. त्या जागेला तेव्हा दोन टेकड्या होत्या, एक मोठी, एक लहान, मधे थोडंच अंतर. रात्रभर गोळीबार झाला, सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिच्यावरून मोठ्या टेकडीवर मारा सुरू झाला, म्हणजे खेळ जवळपास संपला होता. तेवढ्यात इंग्रजांच्या कॅप्टन फिट्झजेराल्डनं वरिष्ठांची नीट परवानगी नसताना मूठभर घोडेस्वार मैदानात घातले, तोफा घेतल्या, आणि दुपारपर्यंत सगळं पालटलं. दोन्ही बाजूंचा अंदाज चुकला होता, जेंकिन्सला एवढ्यात हल्ला होईल असं वाटलं नव्हतं आणि आप्पासाहेबांना एवढी चिमूटभर फौज टिकेल असं वाटलं नव्हतं. महिन्याभरात इंग्रजांची कुमक आली, १६ डिसेंबरची लढाईही आप्पासाहेब हरले. पुढं आप्पासाहेब कैद झाले, वाटेतून निसटले, आणि १८४० ला जोधपूरला परक्या आश्रयात वारले.

लढले नसते तर राज्य वाचलं असतं का? त्यांच्या जागी बसवलेले तिसरे रघुजी इंग्रजांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. ते १८५३ ला वारसाशिवाय वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्य खालसा केलं. किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात, जा एकदा, वर उभं राहिल्यावर दोन टेकड्यांमधलं अंतर किती कमी होतं ते कळतं.

काही गोष्टी वाटताच येत नाहीत, पवित्र जागा वगैरे, त्याचं काय?

हे कारण ऐकायला मोठं वाटतं पण बारकाईनं पाहिलं तर बहुतेक वेळा जागा वाटता येते, वाटायची तयारी नसते. इथिओपिया आणि एरिट्रिया १९९८ ते २००० बादमे नावाच्या एका रखरखीत खेड्यावरून लढले, हजारोंनी माणसं मेली, पुढं सीमा आयोगानं ते गाव एरिट्रियाला दिलं आणि इथिओपियानं तो निकाल खऱ्या अर्थानं मान्य करायला २०१८ उजाडलं. उलट आपण आणि बांगलादेशनं २०१५ मध्ये एकमेकांच्या पोटात अडकलेल्या १६२ वस्त्यांची अदलाबदल केली, एक गोळी न झाडता. करार १९७४ चाच होता, ४१ वर्षं लागली, पण झालं.

१९७१ ला पण मग बोलणीच करायला हवी होती का?

नाही, आणि हे मी ठासून सांगतो. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला सगळ्या पाकिस्तानात स्पष्ट बहुमत मिळालं होतं. समझोता तयारच होता, मतपेटीतून निघालेला, तो लष्करानं पाळला नाही आणि मार्चपासून ढाक्यात आपल्याच लोकांना मारायला सुरुवात केली. सुमारे एक कोटी लोक भारतात आले. इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोप-अमेरिकेच्या राजधान्या फिरून आल्या, हाती काही लागलं नाही. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि १६ ला ढाक्यात शरणागती झाली. माणसं मारली जात असताना बोलू या म्हणणं म्हणजे मारणाऱ्याला वेळ देणं, असंही असतं कधी कधी.

अण्वस्त्रं असली की युद्ध होत नाही ना?

मे १९९८ ला दोघांनी चाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिल झालं. मोठं युद्ध टळतं, छोटं टळेलच असं नाही.

युनो करते काय मग?

पाच देशांकडं नकाराधिकार आहे, त्यांच्यापैकी एखादा किंवा त्याचा मित्र भांडणात असला की सुरक्षा परिषद अडते. पण तिसऱ्या कुणीतरी मधे उभं राहण्याचा उपयोग नाही असं समजू नका. इजिप्त आणि इस्रायलनं मार्च १९७९ मध्ये तह केला, चार युद्धं झालेली, एकमेकांवर काडीचा भरवसा नाही. त्यांनी भरवशाच्या जागी व्यवस्था उभी केली. सिनाई टप्प्याटप्प्यानं परत, तिथं कुठल्या पट्ट्यात किती सैन्य ठेवायचं ते ठरलेलं, आणि नजर ठेवायला निरीक्षक. सुरक्षा परिषदेत ते जमेना म्हणून युनोच्या बाहेरच वेगळं बहुराष्ट्रीय दल केलं, ते १९८२ पासून तिथं आहे. वाळवंट मोकळं ठेवलं की रणगाडे गुपचूप आणता येत नाहीत, कुणी फसवायला निघालाच तर आधी दिसतो. अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा तो असा.

बोलणी चालू असताना पण मारामारी चालूच असते, हे कसं?

कोरियात बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि सही २७ जुलै १९५३ ला झाली. त्या दोन वर्षांत आघाडीची रेषा फारशी हललीच नाही, आणि मोठा अडसर होता युद्धकैद्यांचा, परत जायची इच्छा नसलेल्यांना जबरदस्तीनं पाठवायचं की नाही. टेकड्यांसाठी माणसं मरत राहिली कारण प्रत्येकाला वाटत होतं की आणखी एक टेकडी घेतली तर टेबलावर आपला शब्द जड होईल.

इतके जवान गेल्यावर समझोता करणं म्हणजे त्यांचा अपमान नाही का?

हा प्रश्न एकदा एका जवानाच्या भावानं विचारला होता, त्यामुळं उत्तर जपून देतो. डिसेंबर १९१६ मध्ये पहिलं महायुद्ध अडीच वर्षं झालं होतं, जर्मनीनं बोलणीचा प्रस्ताव पाठवला, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनीही दोन्हीकडं विचारणा केली, आणि कुणालाच मागं यायचं नव्हतं, कारण एवढी माणसं गमावून घरी काय सांगायचं. प्रस्तावात खोटही होती, पण ही लाज मोठी होती. युद्ध नोव्हेंबर १९१८ पर्यंत चाललं. गेलेल्यांच्या नावानं आणखी माणसं पाठवली गेली. मला वाटतं गेलेल्या जवानाचा मान त्याच्या घरच्यांकडं देश कसा बघतो यात आहे, त्याच्या मागं दुसऱ्याला पाठवण्यात नाही. कारगिलनंतर दोनच वर्षांत वाजपेयींनी मुशर्रफना आग्र्याला बोलावलं, तेव्हाही टीका झाली, बोलणीही फिसकटली, पण नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली आणि काही वर्षं तिथल्या गावांना निवांत झोप मिळाली.

मोठं युद्ध अगदी दारातून परत गेलं असं कधी झालंय का?

झालंय, आणि गंमत म्हणजे त्यातही तोच अर्जेंटिना आहे. डिसेंबर १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या बीगल खाडीतल्या तीन बेटांवरून अर्जेंटिनाचं लष्कर चिलीवर हल्ला करायला निघालं होतं, जहाजं समुद्रात होती. त्याआधी लवादानं बेटं चिलीला दिली होती आणि अर्जेंटिनानं तो निकाल झिडकारला होता, म्हणजे कागद होता पण पाळायला लावणारा नव्हता. दोन्ही देश कॅथलिक, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी मधे पडायची तयारी दाखवली. त्यांना नाही म्हणणं दोन्ही हुकूमशहांना घरी परवडणारं नव्हतं, आणि त्यांच्या शब्दावर मागं फिरणं हा पराभव दिसत नव्हता. हल्ला थांबला. बोलणी सहा वर्षं चालली, मधे फॉकलंड झालं, लष्करी राजवट गेली, आणि नव्या निवडून आलेल्या सरकारनं नोव्हेंबर १९८४ मध्ये लोकांनाच कौल विचारला, मोठ्या बहुमतानं होकार आला. पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही बेटं चिलीकडं राहिली, अटलांटिकच्या बाजूचे सागरी हक्क बऱ्याच अंशी अर्जेंटिनाला मिळाले, आणि तो तह आजही चालू आहे.